तुस्कानो, मुक्काम वसई

वसईच्या शाळांत 'तुस्कानो' हे आडनाव पुकारले, तर कोणी मान वर करून पाहत नाही. हेच पुण्या-नागपूरकडे उच्चारा. ऐकणारा हटकून विचारील, "म्हणजे मूळचे कुठले हो?" उत्तर साधे आहे : वसईचे!

शब्द मात्र फार लांबून आलेला. इटलीत फ्लॉरेन्स शहर ज्या प्रांतात आहे तो तोस्काना, आणि तिथला रहिवासी तो तोस्कानो. हे आडनाव पोर्तुगालमार्गे आपल्या केळीबागांत पोचले. पण म्हणून वसईच्या तुस्कानोंचे खापरपणजोबा फ्लॉरेन्सहून आले, असे मात्र समजू नका. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे येथली कुटुंबे ख्रिस्ती झाली, तेव्हा बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहणाऱ्याचे आडनाव घेण्याची चाल होती. आडनाव पाहुण्याचे, माणसे याच मातीतली! येथले सामवेदी ख्रिस्ती स्वतःला 'कुपारी' म्हणवतात. तो शब्दही 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून, म्हणजे या धर्मपित्याच्याच नात्यावरून आला, असे मानतात.

अर्थ लावू लागले, की या आडनावांचे परकेपण ओसरते. परेरा म्हणजे नासपतीचे झाड. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. (आपल्यात कुऱ्हाडे नाहीत का?) लोपीस म्हणजे लोपोचा मुलगा. आणि दिब्रिटोमधला 'दि' तर चक्क आपला 'कर'! उत्तर पोर्तुगालात गिमाराइंश शहराजवळ ब्रितो नावाचे गाव आहे. दिब्रिटो म्हणजे ब्रितोकर.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, आडनावे राहिली. घरात बोलली जाते ती सामवेदी, मराठीचीच एक बोली. तरीही आडनाव सांगितले, की मराठीपणाचा दाखला मागणारे भेटतातच. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काहींनी विरोध केला. ज्यांनी 'सुवार्ता' हे मराठी मासिक वर्षानुवर्षे चालविले आणि 'सुबोध बायबल' मराठीत सिद्ध केले, त्यांना! फादर २०२४ मध्ये निवर्तले. उस्मानाबादेत ते बोलले ते अर्थातच मराठीत. घरची भाषा तीच ना!