न दिसणारे दुखणे



बैलाला खांदेसूज आली की आपण जू लावत नाही. माणसाचे दुखणे दिसत नाही, म्हणून त्याला कामचुकार ठरवतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या करंगळीला मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, हात वर करताच कळ निघते. आपण म्हणतो, "सोंग करतेय!"

सोंग नव्हे ते. हाताकडे जाणाऱ्या नसा गळ्याखालचे आडवे हाड आणि पहिली बरगडी यांमधून जातात. तिथे त्या चेपल्या की हे दुखणे जडते. डॉक्टर त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. एक्स-रेत पुष्कळदा काहीच सापडत नाही, पण कळ वर्षानुवर्षे सोडत नाही. मानेच्या मणक्यानेही असेच होते, म्हणून तपासणी हवीच. आधी व्यायामाचे उपचार असतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

उसाचा पैसा आपल्या घरात येतो तो याच खांद्यांवरून. तेव्हा मोळी लहान बांधावी, दुखणाऱ्याला भरणीऐवजी खालचे काम द्यावे आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये. वार्षिक सभेत असा ठराव आपणच मांडला पाहिजे. विचार व्हावा.

— एक सभासद