सायकल शर्यत कोल्हापुरात यावी, पण तोडणी बघून

१९ ते २३ जानेवारी २०२६ ला पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. टप्प्याटप्प्यांची, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत. आता आपली पोरं म्हणतात, पुढची पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा करून होऊ दे. होऊ दे की! सायकलपटू पूजा दानोळे आपल्या इचलकरंजीचीच. शर्यतीसाठी तिकडं रस्ते नव्यानं केले, कारण ती इंचभर रुंदीची चाकं खड्ड्यात टिकत नाहीत. उसाच्या ट्रॉल्या टिकतात, म्हणून आपले खड्डेही टिकले. असो.

माझी अडचण वेगळी हाय. जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. शर्यतीला थंडी आणि कोरडा रस्ता लागतो, तो याच दिवसांत मिळतो. तेव्हा महिना बदला म्हणण्यात अर्थ नाही. सायकली काही मिनिटांत निघून जातात, पण रस्ता त्याच्या कितीतरी आधी बंद होतो. भरलेली ट्रॉली तिथंच उभी. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, आणि आपलं बिल वजनावर. टोळीची दुसरी खेपही बुडते.

म्हणून मार्ग ठरला की कारखान्याच्या शेती ऑफिसला पंधरा दिवस आधी कळवा. वाटेवरच्या गावांची तोड त्या दिवशी बंद ठेवा, आदल्या दिवशीचा ऊस रात्रीतच काट्यावर जाऊ दे. टोळीची बुडालेली मजुरी शर्यतीच्या खर्चात धरा. मग मीही वाढ्याची पेंडी खाली ठेवून टाळ्या वाजवायला बांधावर उभा राहीन.