'रिअलाइज' झालं की उमगलं?

मीरा रोडच्या लोकलमध्ये, कॉलेजात आपण सर्रास म्हणतो, "मला रिअलाइज झालं," "मी नोटिसच नाही केलं." इंग्रजी शब्द वापरणं हा गुन्हा नाही. पण एकट्या 'रिअलाइज'खाली मराठीतले कितीतरी बारकावे दबून जातात. शेजारच्या खाला आजारी आहेत, हे आपल्याला समजतं. त्यांचा उतरलेला चेहरा लक्षात येतो. त्यांचं एकटेपण जाणवतं. आणि महिनाभर आपण साधी विचारपूसही केली नाही, ही चूक उशिरा उमगते.

जुलै २०२५ मध्ये याच शहरात मराठीच्या वादावरून मोर्चे निघाले. मराठी नक्की कुणाची? उत्तर शब्दांतच आहे. दखल घेणं, नजरेस पडणं, खबर लागणं, अक्कल येणं : यातले दखल, नजर, खबर, अक्कल मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते आले आणि मराठीच झाले. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये अशा शब्दांचा 'फारसी-मराठी कोश'च केला.

दोस्तहो, घरी उर्दू बोला, दखनी बोला, कोकणी बोला. पण मराठी फक्त कुणी विचारलं तर सिद्ध करण्यापुरती ठेवू नका. मनातलं सांगायलाही ती वापरा. ती आपलीही आहे.