वास नाही, म्हणून चांगले?

रत्नागिरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. दुकानातून त्यांनी चिकनचे बंद पाकीट आणून फ्रीजमध्ये ठेवले होते. रात्रभर वीज गेली. सकाळी पाहतात तर पाकिटावरची तारीखही कालचीच! फोडून हुंगले, वास काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं रटरटून शिजव गो, विस्तवापुढे काय टिकतंय?" पैसे मोजून आणलेली वस्तू टाकणे जिवावर येते, आणि पानावर तीन वर्षांचा मुलगाही बसणार. "ताई, शिजवू की टाकू?"

टाका. मांजरालाही घालू नका.

आधी तारखेचे बोलू. पाकिटांवर दोन तऱ्हेच्या तारखा असतात. 'बेस्ट बिफोर' ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख. ती उलटलेले बिस्किट मऊ लागेल, एवढेच. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' ही मात्र सुरक्षिततेची. कच्च्या मांसावर ही दुसरी पाहायची आणि ती उलटल्यावर वाद घालायचा नाही. पण खरी मेख पुढेच आहे. ही तारीख खरी केव्हा? पाकीट न फोडता, सांगितलेल्या थंडाव्यात सतत राहिले तर. दार न उघडलेला फ्रीज वीज गेल्यावर सुमारे ४ तास थंडावा धरतो. या बाईंची अख्खी रात्र गेली. म्हणजे पाकिटावर उद्याची तारीख असती, तरी माझे उत्तर हेच होते. तारीख वाचा, पण तास मोजा.

आता वासाचे. सासूबाईंचे नाक खोटे नाही हो! त्यांच्या काळी म्हावरं सकाळी दारात यायचं, दुपारी पानात पडायचं. मधे मुक्काम नव्हता, तेव्हा नाक पुरत असे. आता आपण ते दोन-दोन दिवस थंडीत ठेवतो. दुर्गंधी आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचसे वेगळे. वास आला तर टाकावेच, पण वास नाही म्हणून खावे, असे त्यातून निघत नाही.

राहिला विस्तव. जंतू शिजवल्याने मरतात, हे खरे. पण त्यांतल्या काहींनी आधीच करून ठेवलेले विष उकळीला भीत नाही. याचे उदाहरण आपल्या रत्नागिरीकरांच्या ताटातच आहे, ते म्हणजे बांगडा.

"बांगडा खाल्ला नि पित्त उठलं," हे वाक्य ऐकले नाही असे घर कोकणात सापडायचे नाही. जेवून उठतो न उठतो तोच तोंड-मान लाल होते, डोके ठणकते, जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरते, छातीत धडधडते, अंगावर गांधी येतात, कुणाला उलट्या-जुलाब होतात. मग आमसुलाचे पाणी अंगाला चोळायचे आणि म्हणायचे, "हिला बांगडा सोसत नाही." पुष्कळदा दोष हिचा नसतो, बांगड्याचा असतो. बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात. अंगावर गांधी उठवणारा पदार्थ हाच. तो तळून जात नाही, उकळून जात नाही, कोकमाने जात नाही आणि नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. मासा दिसायला मात्र छान असू शकतो!

एकाच जेवणातून दोघा-तिघांना असे झाले, तर माशावर संशय घ्यावा. एकाच माणसाला ताज्या माशानेही दर वेळी होत असेल, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, डॉक्टरांना विचारावे. त्रास बहुधा दिवसभरात ओसरतो. पण श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

म्हणून मिरकरवाड्याला किंवा बाजारात गेलात तर डोळे चकचकीत आहेत का, कल्ले लाल आहेत का, बोटाने दाबलेले मांस वर येते का, हे पाहाच. पण त्याआधी पाटीत बर्फ किती ते पाहा. मासे तितका बर्फ, हा चांगला हिशेब. उन्हात उघड्यावर मांडलेला बांगडा अर्ध्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. मासळी शेवटी घ्यावी आणि थेट घरी यावे. वाटेत साडीच्या दुकानात शिरू नये! कच्चे मांस-मासे बाहेर २ तासांहून अधिक नकोत, मे महिन्याच्या काहिलीत तर १ तासच. फ्रीजमध्ये मासे, कोंबडी, खिमा एक-दोन दिवस. मटणाचे मोठे तुकडे फार तर तीन. उरलेले तिखलं दुसऱ्या दिवशी गोड लागते, त्याला माझी ना नाही. ते रात्री वेळेवर फ्रीजमध्ये गेलेले असावे, इतकेच.

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद म्हणून पुष्कळजणी बर्फाच्या कप्प्यात मासळी साठवतात, आणि वीज जाते तीही तेव्हाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस अंधार होता. साधा दोन दिवसांचा प्रवास करून आलात, तरी मागे वीज किती वेळ गेली होती हे कसे कळणार? एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचे नाणे ठेवावे आणि ती वाटी कप्प्यातच राहू द्यावी. परत आल्यावर नाणे वर असेल तर ठीक. तळाशी जाऊन गोठलेले दिसले, तर मधे सारे वितळले होते. ती मासळी आता दगडासारखी घट्ट असली, तरी टाकून द्यावी.