टिंबापुढची चिठ्ठी

मार्च सरत आला, की लहान दुकानदारांच्या घरी एक प्रसंग हमखास घडतो. सी.ए.कडून निरोप येतो, 'टॅलीचा डाटा पाठवा.' मुलगा किंवा सून दुकानातला संगणक उघडते. १०००० नावाचा फोल्डर सापडतो. आत पुष्कळ फाइली, नावांपुढे '.९००'. एकीवर क्लिक केले, तर संगणकच उलट विचारतो, 'ही कशात उघडू?' मग कोणी ती वर्डमध्ये उघडते, कोणी नाव बदलून तिची एक्सेल करू पाहते.

इथेच थांबावे. टिंबापुढची ही अक्षरे, म्हणजे एक्सटेन्शन, डब्यावरच्या चिठ्ठीसारखी असतात. साखरेच्या डब्यावर 'मीठ' लिहिल्याने साखर खारट होत नाही. चिठ्ठी बदलली, तरी फाइल तीच राहते. फसतो तो संगणक. वर्डमध्ये उघडून चुकून 'सेव्ह' केले, तर मात्र हिशेबच बिघडू शकतो.

टॅली ईआरपी ९ मध्ये एका कंपनीचा हिशेब '.९००'च्या अनेक फाइलींत विभागलेला असतो. त्यातली एकच पाठवून सी.ए.च्या हाती काही लागत नाही. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा. 'टीबीके९००.००१' नावाची फाइल तयार होते, ती पाठवावी. हा बॅकअप रिस्टोअर करताना नेहमी वेगळा फोल्डर निवडावा. चालू फोल्डरवरच केला, तर बॅकअपनंतरच्या नोंदी पुसल्या जातात. एक्सेलमध्ये काढलेला ताळेबंद वाचायला सोयीचा. पण त्यातून पूर्ण हिशेब पुन्हा उभा राहत नाही.

आणखी एक सावधगिरी. विंडोज ओळखीची एक्सटेन्शन्स सहसा लपवून ठेवते. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही ईमेलने आलेली फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. 'ईएक्सई' म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. बिल म्हणून उघडावे आणि व्हायरस घरात यावा! म्हणून फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक्सटेन्शन दिसतील अशी सोय करून घ्यावी.

जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. इतकी वर्षे एकच संगणक टिकेलच असे नाही. बॅकअपची एक प्रत दुकानाबाहेर, घरच्या कपाटात असावी. वहीपूजन वर्षातून एकदा. बॅकअप मात्र दर आठवड्याला घ्यावा.