४ कोटी डॉलरची लायब्ररी, पण कादंबऱ्यांपर्यंत व्हीलचेअर पोहोचेना! नेमकं काय चुकलं?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, ईस्ट नदीच्या काठावर हंटर्स पॉइंट लायब्ररी आहे. काँक्रीटची उभी इमारत, वेड्यावाकड्या आकाराच्या भल्यामोठ्या खिडक्या आणि नदीपलीकडे मॅनहॅटन. खर्च ४ कोटी डॉलरहून जास्त, आर्किटेक्ट स्टीव्हन हॉल. २४ सप्टेंबर २०१९ला ती उघडली आणि समीक्षकांनी कौतुकही केलं.

पण जेमतेम दोन महिन्यांत प्रकरण कोर्टात गेलं.

बिनसलं कुठे?

कथा-कादंबऱ्यांची कपाटं एकावर एक अशा तीन टप्प्यांवर मांडली होती. दिसायला झकास, पण तिथे जायला फक्त पायऱ्या. इमारतीत लिफ्ट एकच आणि तीही या टप्प्यांवर थांबत नव्हती. म्हणजे व्हीलचेअरवरची व्यक्ती, गुडघे दुखणारे आजोबा, बाबागाडी घेऊन आलेली आई, सगळे खालीच.

सुरुवातीला लायब्ररीचं उत्तर होतं, पुस्तक सांगा, कर्मचारी आणून देतील. नंतर ती पुस्तकं दुसरीकडे हलवावी लागली.

आणून दिलं तर बिघडलं काय?

कोणतं पुस्तक हवं हे ठरलेलं असेल, तर फारसं काही नाही. पण बरेच जण लायब्ररीत काहीच न ठरवता जातात. एक पुस्तक काढायचं, दोन पानं चाळायची, परत ठेवायचं, शेजारचं उचलायचं. हे दुसऱ्याला सांगून कसं होणार? अपंग व्यक्तींना सार्वजनिक जागा इतरांसारखीच वापरता यावी, यासाठी अमेरिकेत १९९० पासून कायदा आहे. याचिकेचा आधारही तोच होता.

जबाबदार कोण?

२०२३ मध्ये न्यूयॉर्क शहर प्रशासनाने हॉल यांच्या फर्मवरच दावा ठोकला. आराखडा या कायद्यात बसत नाही असा आरोप करत सुमारे १ कोटी डॉलरची भरपाई मागितली. पण हे काम प्रशासनानेच दिलं होतं. मग कागदावर दिसणाऱ्या पायऱ्या बांधकामाआधी कुणालाच कशा खटकल्या नाहीत, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग होता का?

होता. सिएटलची सेंट्रल लायब्ररी २००४ मध्ये उघडली. रेम कूलहास यांच्या ओएमएने एलएमएन या फर्मसोबत तिची रचना केली. तिथे कथेतर पुस्तकांची कपाटं चार मजले वळत जाणाऱ्या सौम्य उतारावर आहेत. पायरी न चढता पहिल्या कपाटापासून शेवटच्यापर्यंत जाता येतं. ही इमारतही जगभर गाजली.

म्हणजे सुंदर इमारत की सगळ्यांसाठी इमारत, असा हा वाद नाहीच. उतार आराखड्यातच असला तर तो इमारतीची ओळख होतो. नंतर आठवला, तर कोर्टाची पायरी चढावी लागते.