मराठी ‘ॲडव्हेंचर गेम’ अडतो कुठे? देवगिरीची अंधारी तर तयारच आहे!

छत्रपती संभाजीनगर : ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणजे मारामारीपेक्षा गोष्टीला महत्त्व देणारा खेळ. खेळाडू वस्तू शोधतो, पात्रांशी बोलतो, कोडी सोडवत पुढे जातो.

हौशी मंडळींना तो बनवता येतो?
येतो. ब्रिटनच्या क्रिस जोन्स यांचं ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकापासून मोफत मिळतं. कोडं फार अवघड झालं का, संवाद लांबला का, ही असे गेम बनवणाऱ्यांची रोजची चर्चा.

मराठीत अडचण काय?
जोडाक्षरं. अक्षरं नुसती एकापुढे एक मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘किल्ला’ची वेलांटी भलतीकडे जाते, ‘ल्ल’ तुटतो. ‘गोडो’ या मोफत सॉफ्टवेअरच्या २०२३मधील चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटते.

गोष्ट कुठून आणायची?
शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी किल्ला आहे. खोल खंदक, त्यापुढे शत्रूला चकवणारी वळणावळणाची अंधारी. यापेक्षा चांगलं कोडं कोणतं?

गेममुळे मुलं बिघडतात, अशी तक्रार घरोघरी असते. त्यांना एकदा गेम बनवायला सांगून पाहावं. संवाद लिहायला आजी-आजोबांनाही सोबत घेता येईल.